सीडीवरील संगीताची संपीडनरहित संगणकीय प्रत : ऐतिहासिक साधनाच्या दृष्टीने एक चिकित्सा

सारांश : १९८२ साली बाजारात आलेली कॉम्पॅक्ट डिस्क, अर्थात सीडी, हे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांतील संगीताचे एक प्रमुख साधन होय. ही साधने आज जीर्ण होत असून त्यांची संगणकावर नक्कल करून ठेवण्याचे काम अनेक संग्रहांपुढे उभे आहे. संगणकीय प्रत मुळाबरहुकूम असते, ही सर्वसाधारण समजूत प्रस्तुत लेखात तपासली आहे. सीडीची घडण, १९९० च्या दशकातील नक्कलीची तंत्रे, संपीडनाची कारणे आणि कायद्याची भूमिका यांचा आढावा घेऊन, संपीडनरहित प्रत ही विश्वसनीय साधनाची आवश्यक परंतु अपुरी अट आहे, असे मत येथे मांडले आहे.

बीजसंज्ञा : सीडी, संपीडनरहित ध्वनी, डिजिटल प्रत, पाठचिकित्सा, ध्वनिसंग्रह.

१. प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासात साधनाइतकेच साधनाच्या नकलेलाही महत्त्व असते. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे खंड प्रसिद्ध केले, तेव्हापासून अस्सल कागद कोणता, नक्कल कोणती आणि ती कोणी, केव्हा, कशावरून केली, हे प्रश्न मराठी इतिहासलेखनाच्या अंगवळणी पडले आहेत. मात्र ही चिकित्सा आपण प्रामुख्याने लेखी साधनांपुरती राखून ठेवली. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गाइसबर्ग यांनी कलकत्ता येथे गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. त्यास शतकाहून अधिक काळ लोटला. भारतीय संगीताच्या इतिहासाचे शतकभराचे साधन ध्वनिरूप आहे. असे असूनही ध्वनीच्या नकलेकडे आपण केवळ तांत्रिक बाब म्हणून पाहतो.

या विषयाकडे वळण्यास एक प्रसंग निमित्त झाला. एका महाविद्यालयीन ग्रंथालयातील शास्त्रीय संगीत व नाट्यसंगीताच्या सीडी काही वर्षांपूर्वी संगणकावर उतरवून घेण्यात आल्या आणि त्यानंतर 'आता प्रत उपलब्ध आहे' या कारणास्तव मूळ सीडींचे निर्लेखन करण्यात आले. प्रस्तुत लेखकास ती प्रत पाहावयास मिळाली, तेव्हा तीत 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' अशा नावांच्या एमपी-थ्री फाइली होत्या. गायक कोण, राग कोणता, साथीला कोण आणि मुद्रण केव्हाचे, याचा कोठेही उल्लेख नव्हता. दोन-तीन ठिकाणी आवाज तुटत होता. तो दोष मूळ सीडीत होता की नक्कल करताना शिरला, हे ठरविण्याचा मार्ग मूळ सीडीबरोबरच नाहीसा झाला होता. यात कोणाचा हेतुपूर्वक निष्काळजीपणा होता असे म्हणता येत नाही. संगणकावरील नक्कल म्हणजे हुबेहूब नक्कल, या सार्वत्रिक विश्वासाचा तो परिणाम होता. तो विश्वास कोठून आला आणि कितपत रास्त आहे, याचा शोध घेणे हा या लेखाचा उद्देश आहे.

२. सीडीची घडण : फाइल नव्हे, प्रवाह

फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी १९८० मध्ये सीडीचे मानक निश्चित केले. मुखपृष्ठाच्या रंगावरून ते 'रेड बुक' या नावाने ओळखले जाते. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये सीडी व तिचा वादक विक्रीस आला. या मानकानुसार ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत नोंदविला जातो. हे काम डाव्या व उजव्या अशा दोन्ही वाहिन्यांसाठी स्वतंत्रपणे होते.

४४,१०० हा आकडा कोठून आला, हे इतिहासाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात डिजिटल ध्वनी साठविण्याइतकी क्षमता असलेले सोयीचे माध्यम म्हणजे व्हिडिओ टेप होती. चित्राच्या प्रत्येक रेषेत ध्वनीचे तीन नमुने बसविले जात. सेकंदाला ६० क्षेत्रे आणि प्रत्येक क्षेत्रात २४५ उपयुक्त रेषा असलेल्या पद्धतीत हा गुणाकार ४४,१०० येतो. ५० क्षेत्रे व २९४ रेषांच्या युरोपीय पद्धतीतही तो तितकाच येतो. मानवी कानाची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ असल्याने तिच्या दुपटीहून अधिक नमुने हवे होते आणि ही अट या आकड्याने पूर्ण झाली. सारांश, सीडीचे गणित ध्वनिशास्त्राइतकेच उपलब्ध यंत्रसामग्रीनेही ठरविले.

या हिशेबाने एका सेकंदाच्या संगीतास १,७६,४०० बाइट लागतात. ही माहिती सेकंदाला ७५ खंड याप्रमाणे विभागलेली असून प्रत्येक खंडात २,३५२ बाइट असतात. येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. संगणकीय माहितीसाठी पुढे जी सीडी-रॉम निघाली, तिच्या नेहमीच्या मांडणीत याच २,३५२ बाइटांपैकी २,०४८ बाइट प्रत्यक्ष माहितीला मिळतात. उरलेली जागा खंडाची ओळख, त्याचा पत्ता आणि त्रुटिनिवारणाची अतिरिक्त माहिती यांसाठी असते. संगीताच्या सीडीत मात्र सर्व २,३५२ बाइट संगीतालाच दिलेले आहेत. त्यामुळे खंडाच्या आरंभी त्याचा नेमका पत्ता नसतो आणि त्रुटिनिवारणाचा दुसरा थरही नसतो. संगीताची सीडी म्हणजे फाइलींचा संच नव्हे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजत जाण्यासाठी आखलेला तो एक अखंड प्रवाह आहे.

त्रुटिनिवारणाचा पहिला थर अर्थातच आहे. माहिती विखरून लिहिलेली असल्याने सुमारे अडीच मिलिमीटर लांबीच्या ओरखड्यापर्यंतचे नुकसान मूळ बाइट जसेच्या तसे परत मिळवून भरून काढता येते. परंतु नुकसान त्याहून मोठे असेल, तर वादक आजूबाजूच्या नमुन्यांवरून मधल्या नमुन्याचा अंदाज बांधतो. गणितात यास अंतर्वेशन म्हणतात. ऐकणाऱ्यास बहुधा ते जाणवत नाही आणि वादनाच्या दृष्टीने ही सोय योग्यच आहे. मात्र नकलेच्या दृष्टीने पाहता येथे पोथीच्या लेखनिकाची आठवण होते. न लागलेले अक्षर संदर्भाने अंदाजून लिहिणारा लेखनिक वाचकाची सोय करतो. संशोधकाला मात्र तो नकळत फसवितो, कारण अंदाजाच्या जागी कोणतीही खूण उरत नाही.

३. नकलेची साधने : १९९० चे दशक

संगणकावर ध्वनी साठविण्याची संपीडनरहित स्वरूपे सीडीनंतर काही वर्षांनी आली. अ‍ॅपलने १९८८ मध्ये एआयएफएफ, तर मायक्रोसॉफ्ट व आयबीएम यांनी १९९१ मध्ये वेव्ह हे स्वरूप प्रसृत केले. दोन्हींत नमुने कोणतीही काटछाट न करता क्रमाने लिहिले जातात. फाइलीच्या आरंभी नमुन्यांची संख्या, बिट आणि वाहिन्या यांची नोंद असते. म्हणजे सीडीवरील माहिती जशीच्या तशी उतरवून घेण्यासाठी पात्र तयार होते. अडचण सीडी वाचणाऱ्या यंत्राची होती.

सुरुवातीच्या बहुतेक सीडी-रॉम ड्राइव्ह संगीत वाजवीत, परंतु त्याचे बाइट संगणकाच्या स्वाधीन करीत नसत. संगीत एका बारीक तारेतून ध्वनीलहरींच्या रूपात साउंड कार्डाकडे जाई. अशा वेळी नक्कल करणे म्हणजे सीडी वाजवून ती पुन्हा मुद्रित करणे होते. तासाभराच्या सीडीला तासभर लागे. डिजिटल माहितीचे रूपांतर एकदा लहरीत आणि लहरीचे पुन्हा अंकांत होत असल्याने मूळ अंक परत मिळत नसत. पुढे ड्राइव्हमधून संगीताचे बाइट थेट वाचण्याची सोय झाली आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती सर्वसामान्य संगणकांपर्यंत पोहोचली.

तेव्हा सीडीच्या घडणीतील वर सांगितलेली उणीव उघड झाली. वाचन मध्येच थांबून पुन्हा सुरू झाले की ड्राइव्हला नेमकी जागा सापडत नसे, कारण खंडावर अचूक पत्ताच नव्हता. परिणामी काही नमुने दोनदा येत, तर काही गळत. हस्तलिखितांच्या अभ्यासकांना हे दोष नवीन नाहीत. ओळ दोनदा लिहिली जाणे आणि नजर घसरून ओळ सुटणे, हे लेखनिकांचे नित्याचे हस्तदोष होत. यावर शोधलेला उपायही पाठचिकित्सेच्या वळणाचाच होता. १९९८ च्या सुमारास ख्रिस्तोफर माँटगोमेरी यांचे सीडीपॅरानॉइया आणि जर्मनीतील आंद्रे वीटहॉफ यांचे एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे कार्यक्रम उपलब्ध झाले. त्यांत लगतचे भाग एकमेकांवर काही अंशी चढवून, पुनःपुन्हा वाचून आणि परस्परांशी ताडून मगच ते स्वीकारले जातात. जेथे वाचने जुळत नाहीत, ती जागा नोंदवहीत दाखविली जाते. अंदाजाची जागा लपविण्याऐवजी ती दाखविणे, हा या साधनांचा खरा विशेष होय.

पुढील पायरी अनेक प्रतींच्या तुलनेची होती. प्रत्येक ट्रॅकच्या बाइटांवरून गणिताने एक पडताळा-अंक काढावयाचा आणि त्याच सीडीच्या इतरांनी केलेल्या नकलांच्या अंकांशी तो ताडून पाहावयाचा, ही पद्धत २००० च्या दशकात अ‍ॅक्युरेटरिप या सेवेने रूढ केली. त्यासाठी प्रत्येक प्रकारच्या ड्राइव्हचा नियत सरकाव, म्हणजे ती नेमक्या जागेच्या किती नमुने आधी वा नंतर वाचू लागते, हेही निश्चित करावे लागले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे स्मरण येथे होणे स्वाभाविक आहे. साम्य मर्यादित आहे, हे मान्य करावे लागेल. तेथे परस्परभिन्न हस्तलिखितांवरून प्राचीन पाठ निश्चित करावयाचा होता, तर येथे एकाच मुद्रेच्या असंख्य प्रती जुळतात की नाही एवढेच पाहावयाचे असते. तथापि एकाच संगीताच्या वेगवेगळ्या काळी काढलेल्या सीडींचे अंक जुळत नाहीत. अशा प्रसंगी दोहोंपैकी एक चुकीची न मानता त्या दोन स्वतंत्र वाचना मानणे इष्ट होय.

या पद्धतीची एक मर्यादा आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जगभर खपलेल्या सीडीशी ताडून पाहण्यास शेकडो नकला मिळतात. मोजक्या प्रतींत निघालेल्या नाट्यसंगीताच्या किंवा कीर्तनाच्या सीडीला तशी साक्ष मिळेलच असे नाही. तेथे दोन भिन्न बनावटीच्या ड्राइव्हवर स्वतंत्र नकला करून त्यांचे अंक ताडणे हाच मार्ग उरतो. एकाच ड्राइव्हवर दोनदा केलेली नक्कल पुरेशी नाही, कारण तीच ड्राइव्ह तीच चूक पुन्हा करू शकते.

४. संपीडनाची कारणे

अशी नक्कल शक्य असताना ती सर्वत्र का झाली नाही, याचे उत्तर साठवणीच्या क्षमतेत आहे. ७४ मिनिटांच्या सीडीस संपीडनरहित स्वरूपात ७८ कोटींहून अधिक बाइट लागतात. १९९० च्या दशकाच्या मध्यास घरगुती संगणकाची संपूर्ण हार्ड डिस्क साधारणतः तेवढीच असे. अशा वेळी संपीडन, म्हणजे व्यवहारात ज्यास कॉम्प्रेशन म्हणतात ते, ही चैन नसून गरज होती. १९९० च्या दशकाच्या आरंभी प्रमाणित झालेल्या आणि १९९५ पासून एमपी-थ्री या नावाने ओळखल्या गेलेल्या पद्धतीने ती भागविली. सेकंदाला १२८ किलोबिट या प्रचलित प्रमाणात मूळ माहितीचा सुमारे अकरावा हिस्सा उरतो.

ही बचत श्रवणाच्या मानसशास्त्रावर आधारलेली आहे. मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज कानाला जाणवत नाही, म्हणून त्याची नोंद स्थूलमानाने केली जाते. दैनंदिन श्रवणास हे पुरेसे असते. परंतु अत्यंत आकस्मिक आघाताच्या आधी किंचित अस्पष्ट कुजबुज उमटणे हा या पद्धतीचा परिचित दोष आहे आणि तबल्याचा आघात याच जातीचा आहे. कमी प्रमाणाच्या संपीडनात अतिउच्च स्वरांशही बहुधा छाटले जातात. जुन्या ध्वनिमुद्रिकेवरून केलेल्या सीडीत सुईच्या घर्षणाची खरखर असते. ती नियमबद्ध नसल्याने तिच्या नोंदीतच बिट खर्ची पडतात आणि गायनाच्या वाट्याला कमी येतात. श्रोत्याला नकोसा वाटणारा हा अंश पुढे संशोधकाला किंवा आवाज स्वच्छ करणाऱ्या तंत्रज्ञाला आवश्यक ठरू शकतो. काय टाकावे याचा निर्णय १९९० च्या दशकातील सरासरी श्रोत्याच्या कानावरून झाला होता. भविष्यातील अभ्यासकाचे प्रश्न त्यात गृहीत धरलेले नव्हते. टाकलेला अंश नंतर कोणत्याही उपायाने परत येत नाही. एमपी-थ्रीचे पुन्हा वेव्हमध्ये रूपांतर केल्यास आकार वाढतो, माहिती वाढत नाही.

आज ही सक्ती उरलेली नाही. एक टेराबाइटच्या डिस्कवर ७४ मिनिटांच्या बाराशेहून अधिक सीडी संपीडनरहित स्वरूपात मावतात. शिवाय २००१ मध्ये आलेल्या फ्लॅकसारख्या पद्धतीत काहीही न टाकता आकार कमी होतो आणि उलगडल्यावर मूळ नमुने जसेच्या तसे परत मिळतात. या पद्धतीस २०२४ मध्ये इंटरनेट मानकाचे स्वरूपही मिळाले. म्हणून संपीडनरहित वेव्ह आणि हानिरहित फ्लॅक यांतील निवड सोयीची आहे, तर या दोहोंपैकी एक आणि एमपी-थ्री यांतील निवड तत्त्वाची आहे.

५. नक्कल आणि कायदा

नक्कल सोपी होताच तिच्या अधिकाराचा प्रश्न निर्माण झाला. अमेरिकेत १९९९ मध्ये एका खिशातील एमपी-थ्री वादकासंबंधीच्या खटल्यात अपील न्यायालयाने आपल्याच संगीताची वैयक्तिक वापरासाठी केलेली नक्कल अनुकूल दृष्टीने पाहिली. २००० च्या दशकात काही कंपन्यांनी नक्कल रोखणारी बंधने सीडीवर घातली. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या काही सीडी संगणकात लपून राहणारा कार्यक्रम बसवितात हे उघड झाले आणि कंपनीला त्या परत घ्याव्या लागल्या. ब्रिटनने ऑक्टोबर २०१४ मध्ये दिलेली वैयक्तिक नकलेची मुभा तेथील उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केली.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने कलम ५२ अन्वये संशोधनासह खासगी वा वैयक्तिक उपयोगासाठीच्या रास्त वापराची व्याप्ती वाढविली. तसेच अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयास जतनासाठी इलेक्ट्रॉनिक साठवणीची मुभा दिली. परंतु या मुभेची अट अशी की त्या कृतीची 'डिजिटल नसलेली' प्रत ग्रंथालयाकडे आधीच असावी. ध्वनिमुद्रिका वा कॅसेट या अटीत सहज बसते. सीडी मात्र स्वतःच डिजिटल आहे. महाविद्यालयीन ग्रंथालय 'सार्वजनिक' ठरते काय, हाही प्रश्न आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे राहत असल्याने सीडीयुगातील बहुतेक नवी मुद्रणे अद्याप संरक्षित आहेत. जीर्ण होऊ शकणाऱ्या साधनाच्या जतनाबाबत कायद्याची भाषा संदिग्ध राहावी, ही बाब विचारार्ह आहे.

६. संपीडनरहित प्रतीच्या मर्यादा

बाइट न् बाइट जुळणारी प्रत ही देखील संपूर्ण साधन नव्हे. बहुतेक सीडींवर गायकाचे वा रागाचे नावच लिहिलेले नसते. संगणकावर दिसणारी नावे इंटरनेटवरील सूचीतून येतात आणि ती सूची हौशी लोकांनी भरलेली असते. राग, ताल, साथीदार, मुद्रणाचे स्थळ व काळ ही माहिती सोबतच्या पुस्तिकेत छापलेली असते. पुस्तिका टाकून केवळ ध्वनी ठेवणे म्हणजे तारीख व मायना फाडून पत्राचा मजकूर तेवढा ठेवणे होय. साध्या वेव्ह फाइलीत अशा नोंदींना सोयीची जागा नाही. म्हणूनच युरोपीय प्रक्षेपण संघाने १९९७ मध्ये नोंदींसाठी जागा असलेले वेव्हचे विस्तारित स्वरूप तयार केले आणि ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००४ च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत त्याचा पुरस्कार केला.

दुसरे असे की, जुन्या ध्वनिमुद्रिकांवरून काढलेली सीडी ही स्वतःच नकलेची नक्कल असते. मध्यंतरी कोणी खरखर कमी केली असेल, वेग बदलला असेल, तर तिची संपीडनरहित प्रत तो फेरफारही तितक्याच निष्ठेने जपते. निष्ठावान नक्कल आणि अस्सल साधन यांत गल्लत होता कामा नये.

मूळ सीडीही चिरंजीव नाही. इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथील एका कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात तयार झालेल्या काही सीडी तांबूस पडून निकामी झाल्याचे सर्वज्ञात आहे. घरी लिहिलेल्या सीडीतील रासायनिक थर तर कारखान्यात छापलेल्या सीडीहून अधिक नाजूक असतो. सीडी वाचणाऱ्या ड्राइव्हही नव्या संगणकांतून नाहीशा झाल्या आहेत. काम पुढे ढकलण्यास फारसा अवधी उरलेला नाही.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) संगीताची सीडी वाजविण्यासाठी आखलेली होती, नकलेसाठी नव्हे. म्हणून तिची संगणकीय प्रत आपोआप अचूक ठरत नाही. ती अचूक असल्याचे सिद्ध करावे लागते.

(२) हानिकारक संपीडन ही १९९० च्या दशकातील साठवणीच्या टंचाईतून आलेली तडजोड होती. टंचाई संपल्यावरही जतनासाठी तिचा अवलंब करणे असमर्थनीय आहे.

(३) प्रत संपीडनरहित अथवा हानिरहित असावी आणि ती सीडीच्याच मूळ प्रमाणात असावी. नमुन्यांची संख्या कृत्रिमरीत्या वाढविल्याने काहीही साधत नाही.

(४) प्रत्येक प्रतीसोबत वाचनाची नोंदवही, पडताळा-अंक, वापरलेली ड्राइव्ह व दिनांक, तसेच सीडीवरील क्रमांक आणि पुस्तिकेची प्रतिमा जपावी.

(५) प्रत झाल्याच्या कारणावरून मूळ सीडीचे निर्लेखन करू नये. कायद्याच्या दृष्टीनेही मूळ प्रत जवळ असणे हिताचे आहे.

मोडी कागदाची नक्कल करणारा जाणता लेखनिक जेथे अक्षर लागत नसे तेथे जागा कोरी सोडीत असे. त्या कोऱ्या जागेमुळेच उर्वरित मजकुरावर विश्वास ठेवता येतो. आपल्या ध्वनिसंग्रहांतही न लागलेल्या जागा दाखविणारी प्रत हवी. वर उल्लेखिलेल्या 'ट्रॅक ०१' मध्ये कोण गात होते, हे आज कोणी सांगू शकत नाही. उरलेल्या संग्रहांवर तीच वेळ येऊ न देणे हे इतिहास, संगीत व ग्रंथालयशास्त्र या तिन्ही विषयांच्या अध्यापकांचे सामायिक दायित्व आहे.